विश्लेषण : चार मिनिटांच्या गाण्यात सात वर्षं कशी बसतात? बॉक्सरवरच्या चरित्रपटांतल्या संगीताची गोष्ट

द्वारका, नाशिक : संध्याकाळी सातच्या सुमारास द्वारका सर्कलला अडकलात, तर एक गाणं आरामात ऐकून होतं. कधी कधी दोन. वर उड्डाणपूल, खाली नाशिकरोडकडे जाणाऱ्या रिक्षा, मुंबई-आग्रा महामार्गाची वाहनं आणि मध्ये हेल्मेटखाली इअरफोन घालून जिमला निघालेली पोरं. त्यांच्या प्लेलिस्टमध्ये हमखास सापडणारा एक प्रकार म्हणजे खेळाडूंवरच्या चित्रपटांतली ‘जिद्दी’ची गाणी. त्यातही बॉक्सिंगची.

यातलं एक गाणं आपल्या सांगली जिल्ह्यातल्या माणसाच्या आयुष्यावरच्या चित्रपटातलं आहे. चित्रपट ‘चंदू चॅम्पियन’, गाणं ‘तू है चॅम्पियन’ आणि माणूस मुरलीकांत पेटकर. गाणं अनेकांना पाठ आहे. पेटकरांना मात्र बॉक्सिंग कायमचं सोडावं लागलं होतं आणि त्यांचं सुवर्णपदक पोहण्यातलं आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

बॉक्सरवरच्या चरित्रपटाचं संगीत नेमकं काय करतं, ते अंगावर काटा का आणतं आणि त्यात आयुष्यातलं काय सुटून जातं, हे समजून घेऊ.

मुरलीकांत पेटकर कोण?

पेटकर यांचा जन्म १९४४चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. शेजारच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. चित्रपटातला छोटा मुरली खाशाबांचं स्वागत पाहूनच पदकाचं स्वप्न बघायला लागतो.

पुढे पेटकर लष्कराच्या ईएमई, म्हणजे विद्युत आणि यांत्रिकी अभियंता दलात दाखल झाले. तिथे ते बॉक्सर म्हणून घडले. १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तेव्हा त्यांचं वय होतं २०.

उपचारांचा भाग म्हणून सुरू झालेलं पोहणं पुढे त्यांचा खेळ बनलं. ऑगस्ट १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या गटातला जागतिक विक्रम होता. भारताचं हे पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक.

त्यानंतरच्या तारखा पाहा. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये. कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ प्रदर्शित झाला १४ जून २०२४ रोजी. जीवनगौरव श्रेणीतला अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला जानेवारी २०२५मध्ये. पदक आणि अर्जुन पुरस्कार यांच्यात ५२ वर्षांहून जास्त अंतर आहे.

चित्रपटाचं संगीत कोणाचं?

गाणी प्रीतम यांची, तर पार्श्वसंगीत ज्युलियस पॅकियम यांचं. कबीर खान यांच्या ‘८३’मध्येही हीच जोडी होती. कुस्तीवरच्या ‘दंगल’ची गाणीही प्रीतम यांचीच. म्हणजे खेळाडूवरच्या हिंदी चित्रपटाचं गाणं कसं असावं, हे ठरवण्यात या संगीतकाराचा वाटा मोठा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हिंदीत ‘चित्रपटाचं संगीत’ म्हटलं की आपल्याला गाणीच आठवतात. पण पडद्यावर ठोसा बसतो तेव्हाची धडधड, रिंगमधली अचानक शांतता, रुग्णालयातल्या प्रसंगामागचे सूर, हे सगळं पार्श्वसंगीतात येतं. बऱ्याचदा ते काम वेगळाच माणूस करतो आणि त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. गाणं थिएटरबाहेर, मोबाइलवर, जिममध्ये जगतं. पार्श्वसंगीत चित्रपटासोबत संपतं. त्यामुळे खेळाडूची गोष्ट लोकांच्या कानात उरते ती गाण्याच्या रूपात, आणि गाण्यात जे नाही ते विसरलं जातं.

हे सूत्र आलं कुठून?

‘मेहनतीचं गाणं’ हा प्रकार लोकप्रिय केला तो १९७६च्या ‘रॉकी’ने. चित्रपट काल्पनिक होता, पण पुढच्या जवळपास प्रत्येक बॉक्सिंग चरित्रपटाने त्याची नक्कल केली. संगीतकार बिल कॉन्टी यांच्या ‘गॉना फ्लाय नाऊ’ या गाण्यात शब्द जेमतेम तीसेक. बाकी काम तुताऱ्यांचं आणि तालाचं. नायक पहाटे धावतो, जोर काढतो, पायऱ्या चढतो, वर पोहोचून हात उंचावतो. १९७७मध्ये हे गाणं अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९८२च्या ‘रॉकी ३’साठी ‘सर्व्हायव्हर’ या बँडने ‘आय ऑफ द टायगर’ केलं. गाणं रचणाऱ्यांना चित्रपटाची कच्ची प्रत दाखवण्यात आली होती. सुरुवातीचे गिटारचे तुटक आघात त्यांनी पडद्यावरच्या ठोशांशी जुळवले. म्हणजे ठोसा आणि ठेका एकच झाले.

यामागे साधं गणित आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके असेल, तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे बरोबर १२ फ्रेमला एक ठोका पडतो. संकलकाला दर बाराव्या फ्रेमवर दृश्य कापता येतं. दोरीवरची उडी, पंचिंग बॅगवरचा ठोसा, घामाचा थेंब, परत ठोसा. डोळ्याला जे दिसतं ते कानाला आधीच अपेक्षित असतं. अंगावर काटा येण्यात या जुळणीचा मोठा वाटा असतो.

गाण्याने खरंच ताकद वाढते का?

काही प्रमाणात, हो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले प्रा. कॉस्टास कराजॉर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यांच्या नात्यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. त्यांच्या अभ्यासांनुसार, हलक्या ते मध्यम व्यायामात योग्य वेगाचं संगीत थकव्याची जाणीव कमी करतं. साधारण १२० ते १४० ठोक्यांच्या पट्ट्यातली गाणी त्यासाठी जास्त उपयोगी ठरतात.

मात्र व्यायाम अगदी तीव्र झाला की हा परिणाम ओसरतो. फुप्फुसं आणि स्नायू मेंदूला इतक्या जोरात निरोप पाठवतात की गाण्याकडे लक्ष राहत नाही.

बॉक्सिंगच्या भाषेत सांगायचं तर गाणं वॉर्मअपला मदत करतं, तिसऱ्या राउंडला नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये आज तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती असते. घंटा वाजल्यापासून शेवटपर्यंत जेमतेम ११ मिनिटं. एक राउंड म्हणजे साधारण एक हिंदी गाणं. पण त्या तीन मिनिटांत बॉक्सरच्या कानावर पडतो तो स्वतःचा श्वास, बुटांचा आवाज आणि कोपऱ्यातून ओरडणारा प्रशिक्षक.

मग अडचण कुठे आहे?

अडचण वेळेच्या हिशेबात आहे. पेटकरांना गोळ्या लागल्या सप्टेंबर १९६५मध्ये, सुवर्णपदक मिळालं ऑगस्ट १९७२मध्ये. मधले दिवस साधारण अडीच हजार. चार मिनिटांच्या गाण्याचे सेकंद होतात २४०. हा सगळा काळ एका गाण्यात बसवायचा म्हटलं, तर प्रत्येक सेकंदाला दहा दिवस उरकावे लागतील.

त्या दहा दिवसांत काय काय असतं? लष्करी रुग्णालयं, मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयातले उपचार, पोहण्याचा सल्ला देणारे फिजिओथेरपिस्ट, पाठीत राहिलेली गोळी, वेदना. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने दिव्यांग सैनिकांना मिळालेली मदत, जिच्यामुळे परदेशी स्पर्धेला जाणं शक्य झालं. १९६८मध्ये तेल अविवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळून पदकाविना परत येणं. नंतर पुण्यात टेल्कोतली नोकरी.

म्हणजे या गोष्टीत जिद्द आहेच. पण तिच्यासोबत एक रुग्णालय आहे, लष्कर आहे, देणगी आहे, पगार आहे. गाण्याला हे सगळं परवडत नाही. गाण्यात एक माणूस, एक स्वप्न आणि चढत जाणारा कोरस असतो. ऐकणाऱ्याच्या मनावर ठसतं ते एवढंच, की मनात आणलं की झालं. मग ज्याचं झालं नाही, त्याने मनात आणलंच नसेल, असा उलटा अर्थही आपोआप निघतो.

नाशिककरांना हे पटवायला लांबचं उदाहरण नको. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगच्या एकेरी प्रकारात १३वा आला. दुष्काळी गावातला हा मुलगा वल्हवायला शिकला तो लष्करात भरती झाल्यावर. पेटकर १९६०च्या दशकातले, दत्तू २०१०च्या दशकातला. दोघांनाही दार उघडलं ते लष्कराने. जिद्द दोघांकडे होती, पण बोट, तलाव आणि प्रशिक्षक नसता तर ती जिद्द कोणाच्या कानावरही आली नसती.

आणखी एक गोष्ट गाणी सांगत नाहीत. ‘पडला, उठला, जिंकला’ या क्रमात हरवलेली वस्तू शेवटी परत मिळते. पेटकरांना बॉक्सिंग परत मिळालं नाही. त्यांनी दुसरा खेळ निवडला. ही गोष्ट पुनरागमनाची नाही, नव्याने सुरुवात करण्याची आहे. दुखापतीनंतर खेळ सोडावा लागलेल्या कोणत्याही मुलामुलीला हीच बाजू जास्त उपयोगाची आहे.

‘मेरी कोम’ने वेगळं काय केलं?

५ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या ‘मेरी कोम’मध्ये ठरलेलं सगळं होतं. विशाल ददलानीच्या आवाजातलं ‘जिद्दी दिल’ आजही जिममध्ये वाजतं. संगीत शशी सुमन आणि शिवम यांचं, पार्श्वसंगीत रोहित कुलकर्णी यांचं. गीतकारांपैकी एक प्रशांत इंगोले. मराठी प्रेक्षक त्यांना ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘मल्हारी’मुळे ओळखतात.

पण याच चित्रपटात ‘चाओरो’ नावाची अंगाई आहे. ती गायली प्रियांका चोप्राने. हिंदी चित्रपटासाठी तिने गायलेलं हे पहिलं गाणं. ‘चाओरो’ हा मणिपुरी शब्द, अर्थ साधारण ‘मोठा हो’. बॉक्सरच्या चित्रपटात अंगाई येणं हीच नवी गोष्ट होती. मेरी कोम जुळ्या मुलांची आई झाल्यावर रिंगमध्ये परतली आणि २००८मध्ये चीनच्या निंगबो इथे पुन्हा जगज्जेती झाली. तिची लढाई फक्त ठोशांची नव्हती. झोपलेलं बाळ घरी सोडून सरावाला जाण्याचीही होती. ढोलाच्या ठेक्यावर हे सांगता आलं नसतं.

याच गाण्यात एक विसंगतीही आहे. मेरी कोम ही कोम जमातीची. त्या जमातीची भाषा वेगळी आहे. अंगाईतला शब्द मात्र मणिपूरच्या खोऱ्यातल्या मैतेई भाषेतला. दिल्ली-मुंबईतल्या प्रेक्षकाला दोन्ही ‘ईशान्येचंच’ वाटतं, तिथल्या माणसाला फरक कळतो.

मोठी विसंगती पुढेच आहे. मणिपूरमध्ये २०००पासून बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली होती. त्यामुळे देशभर ‘मेरी कोम’ची गाणी वाजत असताना, जिच्या आयुष्यावर ती होती तिच्या स्वतःच्या राज्यातल्या थिएटरांत चित्रपट लागला नाही.

मराठी माणसाची गोष्ट, मग मराठी सूर कुठे?

हा प्रश्न ‘चंदू चॅम्पियन’लाही लागू होतो. नायक पेठ इस्लामपूरचा, पण चित्रपट देशभरच्या बाजारासाठी. ‘सत्यानास’ हे रेल्वेतलं धमाल गाणं असो की ‘तू है चॅम्पियन’, दोन्ही गाणी कोणत्याही राज्यातल्या नायकाला शोभतील अशी आहेत. व्यापाराच्या दृष्टीने हे बरोबरच. गाणं जितकं सर्वसाधारण, तितकं ते लग्नात, रीलमध्ये, आयपीएलच्या मैदानावर वापरता येतं.

‘दंगल’ने याला थोडा छेद दिला होता. मुलींची तक्रार सांगणारं ‘हानिकारक बापू’ हे गाणं राजस्थानातल्या दोन लोकगायक मुलांकडून गाऊन घेतलं. गोष्ट हरियाणाची, आवाज राजस्थानचे, तरी त्यात मातीचा वास होता. शिवाय ते गाणं प्रेरणा देणारं नव्हतं, कुरकुरणारं होतं. कोवळ्या वयात पहाटे पाचला उठवणाऱ्या बापाबद्दल पोरींना काय वाटतं, हे त्यात आलं. सरावाचा कंटाळाही गाण्यात येऊ शकतो, हे त्याने दाखवलं.

आपल्याकडे तर विजयाचं स्वतःचं संगीत आहे. गावात पदक आलं की ढोल-ताशा लागतो. नाशिक ढोल तर केरळपर्यंत पोहोचला आहे. तिथे मिरवणुकांत याच नावाने पथकं वाजवतात. म्हणजे आपल्या शहराचं वाद्य परक्या मुलखात आनंदाची खूण झालं, पण आपल्या मातीतल्या खेळाडूच्या गाण्यात आपला सूर शोधावा लागतो.

जगात दुसऱ्या कोणी वेगळी वाट धरली का?

दोन उदाहरणं बोलकी आहेत.

पहिलं, १९८०चा ‘रेजिंग बुल’. बॉक्सर जेक लामोटाच्या आयुष्यावरच्या या चित्रपटात दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी जोशपूर्ण गाणं टाळलं. सुरुवातीला धुरकट, कृष्णधवल रिंगमध्ये लामोटा एकटाच संथ गतीत हात चालवत असतो आणि मागे मास्कान्यी या इटालियन संगीतकाराच्या १८९०च्या ऑपेरातला शांत, उदास तुकडा वाजतो. जिंकण्याबद्दल काहीच नाही. हा माणूस स्वतःशीच लढतोय, हे एका मिनिटात कळतं.

दुसरं, १९७७चा ‘द ग्रेटेस्ट’. यात मुहम्मद अली यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यासाठी मायकल मासर आणि लिंडा क्रीड यांनी ‘द ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ हे गाणं रचलं, जॉर्ज बेन्सन यांनी गायलं. पुढे व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात १९८६मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आज ते शाळांच्या समारंभात गायलं जातं. ते एका बॉक्सरच्या चरित्रपटासाठी लिहिलं होतं, हे गाणाऱ्यांनाही माहीत नसतं. गाणं चित्रपटापेक्षा मोठं झालं की असं होतं. गाणं जगतं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याचं नाव गळून पडतं.

गाणं वाजलं की पैसे कोणाला?

२०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला. चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग, कार्यक्रम अशा ठिकाणी गाणं वापरलं गेलं, तर त्यातला वाटा त्यांना मिळायला हवा आणि तो हक्क करार करूनही काढून घेता येत नाही. गायकांसाठीही रॉयल्टीची तरतूद आहे.

ज्याच्या आयुष्यावर गाणं आहे, तो मात्र या यादीत नाही. त्याला काय मिळेल हे निर्मात्याबरोबरच्या करारावर अवलंबून. यात बेकायदा काही नाही, गाणं रचणाऱ्याचं श्रेय त्यालाच. पण म्हणूनच खेळाडूंनी आणि त्यांच्या कुटुंबांनी चरित्रपटाच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घेणं शहाणपणाचं.

मग ही गाणी ऐकायची नाहीत?

जरूर ऐकायची. चित्रपट आणि त्याची गाणी आली नसती, तर पेटकर हे नाव अनेक तरुणांपर्यंत पोहोचलंच नसतं. फक्त पुढच्या वेळी अशा गाण्यात तीन गोष्टी तपासा.

• वेळ : गाण्यात दिसणारा सराव प्रत्यक्षात किती महिन्यांचा, किती वर्षांचा होता?

• माणसं : प्रशिक्षक, डॉक्टर, पैसे देणारे, घर सांभाळणारे गाण्यात कुठे आहेत?

• हार : गाण्यात हार येते का? की ती फक्त पुढच्या विजयाची शिडी म्हणून वापरली आहे?

घरातल्या मुलाने किंवा मुलीने बॉक्सिंग शिकायचं म्हटलं, तर तिला इअरफोनसोबत हे प्रश्नही द्या. तिला लागेल चांगला प्रशिक्षक, तोंडात घालायचा माउथगार्ड, जवळचं मैदान आणि तिच्या कंटाळ्याच्या दिवशीही तिला सरावाला सोडायला जाणारं कोणीतरी. द्वारकाच्या कोंडीतून रोज.